उभ्या गाडीचा ब्रेक

मिशिगनमधल्या नोव्हायच्या गुरुनाथराव तांबवेकरांनी जन्मभर ब्रेकखेरीज दुसरं काही केलं नाही. ब्रेक मोटारीचे. डिट्रॉइटच्या एका कंपनीत ब्रेक कसकसे निकामी होऊ शकतात हे शोधून काढायचा त्यांना पगार मिळे. यथावकाश माणूस रिटायर झाला, सवय मात्र नोकरीवरच राहिली. मोटारीत मागच्या सीटवर वरणाचं पातेलं ठेवलं तर ते पातेल्याला पट्टा बांधत. खोटं वाटत असेल तर नोव्हायमध्ये कुणालाही विचारा. गणपतीत मोदकांचा डबा मांडीवर घेऊन, "अगं, वीसच्या वर जाऊ नकोस," असं बायकोला बजावत जाणारा जो माणूस सगळ्यांनी पाहिलाय, तो हाच.

अशा माणसाला घेऊन हंगेरीत आगगाडीनं फिरायचं, असं मृणालिनीबाईंनी ठरवलं.

तसा प्रवास दर वर्षी ठरायचा. आणि दर वर्षी गुरुनाथरावांना त्या देशाबद्दल काहीतरी कळायचं. इटलीत ज्वालामुखी निघाला. जपानात जमीन हलते असं समजलं. ग्रँड कॅन्यनला तर म्हणे सगळीकडे कठडाच नाही. हंगेरीबद्दल मात्र त्यांना काही कळायच्या आत मृणालिनीबाईंनी बुडापेस्टची विमानाची तिकिटं काढून टाकली. बरोबर शेजारच्या गल्लीतला उल्हास, म्हणजे रिटायर झालेला दातांचा डॉक्टर, आणि त्याची बायको अदिती.

"हे बघा," मृणालिनीबाई म्हणाल्या, "यायचं तर या. नाहीतर मी उल्हासभावजी आणि अदितीबरोबर जाते. या खेपेलाही आणि इथून पुढेही."

'या खेपेला' एवढंच असतं तर गुरुनाथराव आनंदानं घरी राहिले असते. पण ते 'इथून पुढेही' त्यांच्या कानातून जाईना. डोळ्यांसमोर चित्र दिसू लागलं: बायको जगभर हिंडते आहे आणि आपण नोव्हायच्या स्वयंपाकघरात एकटे बसून मायक्रोवेव्हकडे संशयानं बघतो आहोत. ते घाबरत घाबरत 'येतो' म्हणाले.

आता अमेरिकेत आल्यापासून गुरुनाथराव आगगाडीत बसलेले नव्हते. नोव्हायमध्ये आगगाडी ही फाटकापाशी मोटार थांबवून बघायची गोष्ट. आणि लहानपणच्या आगगाडीची त्यांची आठवण एकच. मनमाडला वडील सुरई भरायला उतरले आणि गाडी सुटली. वडील मागच्या कुठल्याशा डब्यात चढले होते, पुढच्या स्टेशनाला सुरई घेऊन हसत हसत आले. पण तोवर सात वर्षांचे गुरुनाथ पोरके होऊन मोकळे झाले होते. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक कायदा पक्का झाला: मधल्या स्टेशनावर कुणीही, कसल्याही कारणासाठी, खाली उतरायचं नाही.

बातमी फुटली आणि सल्ले यायला लागले. युरोपला कधीही न गेलेल्यांचे सल्ले सर्वांत तपशीलवार होते. एक म्हणाले, "तिकडे दारं आपोआप मिटतात. निम्मा माणूस आत आणि निम्मा बाहेर, असं असलं तरी मिटतात." दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "पासपोर्ट पर्समध्ये ठेवू नका हं. एकाच माणसाच्या अंगावर ठेवा." शेजारचे दादाराव, म्हणजे आयुष्यभर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलेला शांत माणूस, ते एवढंच म्हणाले, "गुरुनाथ, रोज लाखो लोक बसतात हो गाडीत. चढायचं आणि बसायचं." इतका साधा सल्ला गुरुनाथरावांना बेजबाबदारपणाचा वाटला. त्यांनी आपोआप मिटणाऱ्या दारांचा धसका घेतला आणि गॅरेजमध्ये रंगीत तालीम ठेवली.

मोटारी बाहेर काढल्या. गॅरेजचं मोठं दार हे आगगाडीचं दार झालं. आत घडीच्या खुर्च्या मांडल्या, त्या सीटा. घरात शिरायच्या दाराला गुरुनाथरावांनी कुलूप घातलं, कारण आपण तालमीत गुंतलेलो असताना मागच्या बाजूनं चोर शिरला तर? किल्ल्या बाहेर मोटारीत. मग हातात रिमोट घेऊन त्यांनी शिट्टी वाजवली, आणि भर दुपारी चार म्हातारी माणसं चार बॅगा ओढत ड्राइव्हवेवरून गॅरेजात धावली.

पहिल्या खेपेला उल्हासची बॅग उंबऱ्यात राहिली. दार अर्ध्यावर आलं, सेन्सरला बॅग दिसली, दार पुन्हा वर गेलं.

"बघ गुरू, किती समजूतदार दार आहे," उल्हास म्हणाला.

"तिकडची दारं समजूतदार नसतात!" गुरुनाथराव ओरडले. "पुन्हा!"

दुसऱ्या खेपेला सगळे आत आले, दार खाली यायला लागलं आणि अदितीची ओढणी बॅगेच्या चाकात अडकून ती "अगं बाई!" म्हणून किंचाळली. झालं. गुरुनाथरावांचा धीर सुटला. छताला दोरीला बांधलेली लाल मूठ लोंबत होती. त्यांनी उडी मारून ती ओढली. आता, ती मूठ दाराला मोटरपासून सोडवते. दार धाडकन खाली बसलं, आणि रिमोट दाबला की वरती मोटर नुसती घरघरायची. चौघं अंधारात. एकीकडे दार पडलेलं, दुसरीकडे कुलूप.

"हवा पुरेल ना?" गुरुनाथरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"गॅरेज आहे, पाणबुडी नाही," मृणालिनीबाई अंधारातून म्हणाल्या.

शेवटी उल्हासनं दादारावांना फोन केला. दादाराव आले, खाली वाकले, एका हातानं दार वर उचललं. ती मूठ ओढल्यावर दार हातानं उचलायचं असतं. ती तेवढ्यासाठीच असते. दादाराव काही बोलले नाहीत, हे गुरुनाथरावांना जास्त लागलं. समोरच्या गोऱ्या बाईंनी बॅगा पाहून यांचं बिऱ्हाड हलतंय असा समज करून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दारात घरं विकून देणाऱ्या एजंटाचं कार्ड येऊन पडलं.

पुढचं काम आगगाडीच्या तिकिटांचं. बुडापेस्टहून बालातोन नावाच्या अफाट तळ्याच्या काठाकाठानं केस्टहेय या गावी जायचं होतं. मृणालिनीबाईंना ते तळं बघायचं होतं, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल म्हणाल्या. गुरुनाथरावांनी विचार केला. मोटारीच्या ब्रेकला दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा धरतो. मग चौघांनी एकाच डब्यात बसणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. त्यांनी एका जोडप्याच्या सीटा एका डब्यात काढल्या, दुसऱ्याच्या दूरच्या दुसऱ्या डब्यात.

दुसऱ्या तिकिटावर मात्र एक चमत्कारिक ओळ उमटली. बालातोनसेंतड्यर्ड्य नावाच्या स्टेशनावर गाडी बदला. हे नाव मी तीन वेळा लिहून बघितलं, पण जीभ अजून तिथून बाहेर आलेली नाही. गुरुनाथरावांनी वेबसाइटवरच्या मदतनिसाशी चॅट सुरू केला. "दोन्ही तिकिटं एकाच गाडीची आहेत. मग एकांनी बसून राहायचं आणि दुसऱ्यांनी बदलायचं, हे कसं?" मदतनिसानं नम्रपणे लिहिलं, कृपया सेंतड्यर्ड्यला गाडी बदला. गुरुनाथरावांनी ब्रेकच्या उदाहरणासकट पुन्हा समजावून सांगितलं. मदतनिसानं प्रवासाला शुभेच्छा दिल्या आणि लिहिलं, कृपया सेंतड्यर्ड्यला गाडी बदला.

"यंत्र आहे," गुरुनाथरावांनी निकाल दिला. "घोळ झालाय त्याचा."

प्रवासाच्या दिवशी बुडापेस्टच्या स्टेशनात गुरुनाथरावांनी सगळ्यांकडून ऐवज गोळा केला. चार पासपोर्ट, चार फोन, बायकांची पाकिटं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, इतकंच काय, मृणालिनीबाईंचा लांबचा चष्मा, कारण तो सोनेरी दांडीचा होता. सगळं पोटावर बांधलेल्या पाऊचमध्ये गेलं. उल्हासनं तेवढा आपला फोन भांडून परत घेतला. बिचारे गुरुनाथराव पाठीमागून साठीचे आणि पुढून आठव्या महिन्याचे दिसू लागले.

"पण यार, तुझं ते दोन मार्गांचं तत्त्व?" उल्हास म्हणाला. "डबे दोन आणि पाऊच एक?"

गुरुनाथराव पाऊचचा पट्टा आवळत होते.

दारं मिटली, तीही अत्यंत समजूतदारपणे, सगळे चढून बसून पाणी पिऊन झाल्यावर. पुढच्या डब्यात तांबवेकर, मागच्या डब्यात उल्हास-अदिती. आणि मग जे नोव्हायच्या प्रत्येक पार्टीत होतं तेच झालं. तुम्ही मराठी माणसांना जोडप्याजोडप्यानं कुठंही बसवा. थोड्या वेळानं बघावं तर बायका स्वयंपाकघरात, पुरुष बेसमेंटमध्ये. अदिती डबा घेऊन पुढं आली. "मृणाल, लाडू काढ गं." मग मृणालिनीबाईंना गुरुनाथरावांच्या प्रत्येक बोगद्याला सुटणाऱ्या उसाशांचा कंटाळा आला, आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही जा ना उल्हासभावजींकडे. एकटे बसलेत ते."

जाताना गुरुनाथरावांनी हात जोडून बजावलं, "काहीही होवो, मधे उतरू नका. पाणी नको, फोटो नको, काही नको."

"अहो, आम्ही हलत नाही. तुम्हीच नीट जा."

उजवीकडे तळं सुरू झालं. समुद्रासारखं, फिकट हिरवट दुधी पाणी, लांबवर शिडाच्या होड्या. उल्हास खिडकीला नाक लावून बसला. गुरुनाथराव खिडकीकडे पाठ करून डब्याचं निरीक्षण करत होते. दाराशेजारी ब्रेकची लाल मूठ होती. ती बघून त्यांना जरा आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मग एका आडगावच्या स्टेशनात गाडी थांबली. फलाटावर लाल टोपीवाला एक अधिकारी आणि कुंड्यांत फुलं. डब्यातली बरीच माणसं उठली, बॅगा घेऊन उतरली आणि फलाटावरून पुढच्या डब्यांकडे चालू लागली.

"गुरू, सेंतड्यर्ड्य," उल्हासनं पाटी वाचली. "आपल्या तिकिटावर इथं बदला लिहिलंय यार. उतरू या का? सगळेच उतरताहेत."

"सगळे मूर्ख आहेत! बस खाली!"

"अरे पण..."

गुरुनाथरावांनी उल्हासचा शर्ट मुठीत धरला. डोळ्यांपुढे मनमाडची सुरई नाचत होती. "उतरायचं नाही म्हणजे नाही! उतरलेली माणसं मागं राहतात!"

उल्हास बसला. पुढून खणखण असा लोखंडाचा आवाज आला. शिट्टी झाली. गुरुनाथरावांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण गाडी सुटली होती. पुढच्या डब्यांच्या खिडक्या वळणावर चमकताना दिसल्या. त्यांतल्या एका खिडकीत अदितीची पिवळी ओढणी होती. ओढणी पुढं चालली. फुलांच्या कुंड्या मात्र होत्या तिथंच होत्या.

"उल्हास," गुरुनाथराव म्हणाले. आवाज कुठल्या तरी विहिरीतून आल्यासारखा. "आपण का जात नाही?"

गाडीचे दोन तुकडे झाले होते. पुढचा तुकडा इंजिनासकट केस्टहेयकडे, तळ्याकडे. मागचा दुसऱ्या इंजिनाची वाट बघत, भलत्याच गावाला जायला. गुरुनाथरावांनी माणसांनी गाडीतून उतरण्याविरुद्ध आयुष्यभर बंदोबस्त केला होता. गाडीच गाडीतून उतरेल, हे त्यांच्या कुठल्याही चाचणीत आलेलं नव्हतं.

"मृणाल!" ते ओरडले.

"फोन लाव," म्हणत उल्हासनं मृणालिनीबाईंचा नंबर फिरवला. गुरुनाथरावांच्या पोटात सनई वाजू लागली. त्यानं अदितीला लावला. आता पोटात पेटी वाजू लागली. दोघं मित्र त्या वाजणाऱ्या पोटाकडे बघत राहिले. बायकांकडे फोन नाही, पासपोर्ट नाही, पैसा नाही, गोळी नाही. आणि मृणालला चष्म्याशिवाय चार हातांवरची पाटी वाचता येत नाही! परक्या मुलखात, आंधळ्यासारखी...

गुरुनाथराव धावले आणि दाराजवळची लाल मूठ त्यांनी दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून, खाली खेचली.

हवेचा फूत्कार झाला. घंटा खणाणली. उरलेल्या डब्यांच्या सगळ्या चाकांना ब्रेक लागले. ब्रेकच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या, त्यावर भाषणं दिलेल्या, नोव्हायच्या गुरुनाथराव तांबवेकरांनी बिनइंजिनाची, निश्चल उभी असलेली गाडी थांबवली होती.

"चांगली धरलीय," उल्हास म्हणाला. "आता ही कुठंही जात नाही."

कंडक्टर बाई आल्या. उंच, पिंगट वेणी, चेहरा असा की तिकीट असूनही खिसे चाचपावेत. त्यांनी मुठीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आपण खरोखर उभेच आहोत याची खात्री केली, आणि मग गुरुनाथरावांकडे पाहिलं. त्या नजरेपुढं दादारावांचं न बोलणं म्हणजे काहीच नव्हतं.

"माय वाइफ!" गुरुनाथराव रडवेले झाले होते. "लॉस्ट! नो फोन! नो ग्लासेस! प्लीज!"

"टिकेट," बाई म्हणाल्या.

त्यांनी तिकिटं पाहिली. मग आपल्या फोनवरून कुणाशी तरी हंगेरियनमध्ये बोलल्या. दोन शब्द बोलायच्या, थांबायच्या, गुरुनाथरावांकडे बघायच्या. एकदा चक्क हसल्या. तेवढ्या वेळात गुरुनाथरावांच्या मनात मृणालिनीबाई तीनदा तळ्यात पडल्या, दोनदा पोलिसांनी धरल्या आणि एकदा सरहद्दीपार गेल्या. फोन ठेवून बाईंनी एक बोट वर केलं.

"वाइफ, नॉट लॉस्ट. वाइफ, राइट ट्रेन." मग ते बोट गुरुनाथरावांच्या छातीवर टेकलं. "यू. यू लॉस्ट."

आणि त्यांनी दार उघडून फलाटाकडे हात केला. छोटी गाडी येईल, त्यात बसा. इथं उतरा.

गुरुनाथराव पायरीवर उभे राहिले. खाली फलाट. मधलं स्टेशन. सात वर्षांचे असल्यापासून ज्याला घाबरत आले ते नेमकं पायाखाली. पाय उचलेना. पण तळ्याच्या त्या टोकाला चष्म्याशिवायची एक बाई होती, आणि तिच्यापर्यंत जायचा रस्ता या फलाटावरून होता. त्यांनी डोळे मिटले, एका हातानं पाऊच आणि दुसऱ्या हातानं उल्हासचा कान धरला (हाताला तोच लागला) आणि ते उतरले. मागं कंडक्टर बाई किल्ली घालून त्यांनी लावलेला ब्रेक सोडवत होत्या. त्यात काही सूचना कराव्यात असं एरवी त्यांना वाटलं असतं.

छोटी गाडी लव्हाळ्यांतून सावकाश निघाली. गुरुनाथराव सबंध वाट उभे राहिले. बसलो तर गाडी दुभंगेल असं त्यांना वाटत होतं. आणि एक दुसरी भीतीही आता वर आली होती. मृणाल सापडेल, पण सापडल्यावर काय म्हणेल? 'इथून पुढे' म्हणेल.

केस्टहेयच्या स्टेशनाबाहेर झाडाखाली एक बाक होता. त्यावर मृणालिनीबाई, अदिती आणि मध्ये एक गलेलठ्ठ हंगेरियन आजीबाई. तिघींच्या हातांत ताटलीएवढी तळलेली, वर चीज घातलेली पुरी. आजीबाईंच्या पिशवीतून आपल्या लाडवांचा डबा डोकावत होता. पैशावाचून सौदा झाला होता आणि तिन्ही पक्ष खूश होते.

"मृणाल! बरी आहेस ना? तुला दिसतंय ना?"

"आलात?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "चष्मा नव्हता हो माझा. पण तळंच एवढं मोठं आहे की, दिसलं. फार सुंदर दिसलं. तुम्ही पाहिलंत?"

गुरुनाथरावांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी ब्रेक पाहिला होता.

"गुरूनं एक मोठी गाडी थांबवली वहिनी," उल्हास कान चोळत म्हणाला. "उभी होती, तरी थांबवली." आणि त्यानं सगळं सांगितलं, पोटातल्या सनईसकट. अदिती हसता हसता बाकावरून खाली घसरली. आजीबाईंना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्या डोळे पुसत होत्या.

मृणालिनीबाई हसल्या नाहीत. "फलाटावर उतरलात तुम्ही? मधल्या स्टेशनावर?"

"हो."

"स्वतःहून?"

"याचा कान धरून." ते मान खाली घालून उभे होते. "तू आता पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी पोर्तुगाल," मृणालिनीबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही यायचं. तुम्हाला एकटं मागं ठेवून जायची माझी छाती नाही. गॅरेजात हरवता तुम्ही." मग उठून त्यांनी नवऱ्याच्या पोटावरचं पाऊच सोडलं, आपल्या कमरेला बांधलं, त्यातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. "शी, केवढा घाम!"

परतीच्या दिवशी चौघं एकाच डब्यात बसले. सेंतड्यर्ड्यला गाडी थांबली, आणि मृणालिनीबाई म्हणाल्या, "ती फुलं बघून येते हं जरा," आणि पाऊचसकट सरळ खाली उतरल्या. गुरुनाथरावांचे डोळे फिरले. हात लाल मुठीकडे गेला. उल्हासनं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. मग कुणाला काही कळायच्या आत गुरुनाथराव स्वतःच पायरी उतरले, फुलांच्या कुंडीपर्यंत गेले आणि पाऊचच्या पट्ट्याचं लोंबतं टोक त्यांनी घट्ट मुठीत धरलं.

उल्हास सांगतो, ते टोक गुरुनाथरावांनी नोव्हायला घरात शिरेपर्यंत सोडलं नाही. विमानतळावर तपासणीच्या यंत्रातसुद्धा बायकोच्या मागोमाग तसेच गेले. उल्हासच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं. तरी निम्म्या वाटेपर्यंत धरलं असेलच की.